बारा पिना

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली,
उसाच्या चरकाच्या बारा पिना
एकाच फ्रेमवर चढवल्या, मंगळवारी सकाळी सातला.
फ्रेम दस्तगीर मुल्लाणींनी जोडलेली,
मोटर भंगारातली, धक्का मात्र खऱ्या उसाचा.
माझं काम एवढंच : तुटली की तास लिहायचा.

पहिली एक्केचाळिसाव्या तासाला गेली,
बुधवार सरता सरता.
दुसरी अठ्ठावन्नला. मग बहात्तर, शहाऐंशी, शंभर,
एकशे सोळा, एकशे तेहतीस.
पुढे पुढे तुटणंही आळसावलं.
एकशे चौपन्न. एकशे ऐंशी. दोनशे चौदा.
अकरावी दोनशे सत्तरला,
आणि बारावी फिरतेच आहे, कुणाची वाट बघत नाही.

साध्या आलेखावर मांडलं तर
डावीकडे गर्दी, उजवीकडे एक लांबच लांब शेपूट.
मुल्लाणी म्हणाले, ह्यो कागद न्हवं बाई,
आणि कपाटातून पिवळा पडलेला एक ताव काढला,
कडेला ग्रीसचा अंगठा.

त्या तावावर दहापासून वीस जेवढं लांब
तेवढंच वीसपासून चाळीस,
चाळीसपासून ऐंशी.
उभ्या रेघा अशा पातळ होत जाणाऱ्या,
आडव्या पन्नास टक्क्यांपाशी दाटलेल्या
आणि टोकांकडे विरळ, विरळ.
शून्य टक्के कुठेच नाही. शंभरही नाही.
मी शोधलं. मुल्लाणी हसले.

भेग बेरजेनं वाढत न्हाई, ते म्हणाले,
जेवढी हाय तेवढ्याच्या हिश्शानं वाढती.
वाळूचा एक खडा, पाणी देताना चुकलेलं एक मिनिट,
लेथवरचा एक ओरखडा,
सगळे एकमेकांना गुणतात.
म्हणून तास नाही, तासाचा लॉग मांडायचा.

मी ठिपके दिले. अकरा.
पट्टी ठेवली आणि हात थांबला :
इतके दिवस जे शेपूट वाटत होतं
ते पट्टीला लागून सरळ उभं.

गुरुवारी दुपारी एकला, डबा उघडताना,
तीनशे नव्वदाव्या तासाला बारावी तुटली.
ठिपका दिला. रेघेच्या केसभर उजवीकडे.
मी तिला चमत्कार समजत होते,
ती याच घरची निघाली.

भूपाल मगदूम मालक आले. सरासरी सांगा, म्हणाले, पत्रकावर छापू.
एकशे एक्कावन्न.
वा!
पण मालक, बारांतल्या सात जणी
त्या आकड्याला पोचल्याच नाहीत.
मधला आकडा एकशे चोवीस :
निम्म्या अलीकडे, निम्म्या पलीकडे.
आणि रेघ खाली, एक टक्क्यापर्यंत नेली तर...
पेन्सिल कागदाच्या काठाशी आली.
चोवीस.

एक दिवस?
शंभरातली एक, मालक. एक दिवस.

मालक खुर्चीत बसले. बाहेर कुणीतरी
बीड ओतताना पाइप आपटत होतं.
मला त्या शंभरातल्या एकाचं गुऱ्हाळ दिसत होतं,
पन्हाळ्याच्या पायथ्याला कुठेतरी,
काहिलीखाली चुलवण पेटलेलं, अर्धा रस आलेला,
रात्रीचे दोन, आणि चरक गप्प.
त्या माणसाला सरासरी काय सांगायची?

चोवीस छापलं तर माल कोण नेईल, मालक म्हणाले.
एकशे एक्कावन्न छापलं तर
त्या रात्री फोन कोण उचलेल, मुल्लाणी म्हणाले,
चहा फुंकत, कुणाकडे न बघता.

पत्रकावर शेवटी तासच छापले नाहीत.
पण त्या सोमवारपासून प्रत्येक चरकाच्या मागच्या पायाला
गोणपाटात गुंडाळलेली एक जादा पिन
तारेनं बांधून जाते.
तार मुल्लाणी स्वतः पिळतात. दोन वेढे, वर एक गाठ.

ताव मी माझ्याकडे ठेवलाय.
एक टक्क्याच्या खालीही रेघा आहेत त्यावर,
अर्धा टक्का, दशांश, शतांश,
पुढे कागद संपतो.
रेघ संपत नाही.